मँचेस्टरचा दुसरा कापूस

लिव्हरपूलच्या कापूस दलालांच्या भावपत्रकात १८६० च्या दशकात अमरावती, हिंगणघाट, धारवाड, भडोच, धोलेरा अशी नावं छापून येत. ती वाचणाऱ्या गिरणीमालकांपैकी बहुतेकांना यातलं एकही गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, आणि त्यांना त्याची गरजही वाटत नव्हती. हिंदुस्थानातून येणाऱ्या सगळ्या कापसाला ते सरसकट ‘सुरत’ म्हणत. न्यू ऑर्लिन्सचा भाव चढला की थोडा सुरत घ्यायचा, उतरला की सोडून द्यायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याशी मँचेस्टरचं नातं होतं ते एवढंच.

हा शिरस्ता मोडला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे. कच्च्या मालासाठी एकाच पुरवठादारावर विसंबणाऱ्या उद्योगाचं काय होतं, हे जगाने इतक्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा पाहिलं ते १८६१ ते १८६५ या चार वर्षांत. ही गोष्ट बहुतेक वेळा मँचेस्टरभोवतालच्या लँकेशायर परगण्याच्या बाजूने सांगितली जाते. बंद पडलेल्या गिरण्या, उपाशी विणकर आणि त्यांचं धैर्य असं तिचं चित्र असतं. पण ऐन अडचणीत ज्याला ‘दुसरा पुरवठादार’ म्हणून हाक मारण्यात आली, त्याच्या अंगणातून पाहिलं की तीच गोष्ट वेगळी दिसते.

आधी आकडे. १८६० मध्ये ब्रिटनने सुमारे १३९ कोटी पौंड वजनाचा कापूस आयात केला. त्यातला जवळजवळ ११२ कोटी पौंड, म्हणजे दर पाच गाठींमागे चार, अमेरिकेच्या दक्षिणी संस्थानांतून आला. हिंदुस्थानचा वाटा वीस कोटींच्या आसपास होता. दक्षिणेतला कापूस गुलामांच्या श्रमावर पिके आणि मिसिसिपीच्या पात्रातून थेट बंदरात येई. तो स्वच्छ होता, लांब धाग्याचा होता आणि त्याचा दर्जा दर हंगामात सारखा राही. लँकेशायरची यंत्रं याच कापसाच्या मापाने बसवलेली होती. कातकाम्याच्या हाताला त्याचीच सवय होती. इतका सोयीचा पुरवठादार हाताशी असताना दुसरा कोण शोधणार?

धोका कुणाला दिसत नव्हता असंही नाही. दिसत होता, आणि त्यावर भाषणंही भरपूर झाली. १८४० मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेतून दहा मळेवाले पगारी नोकरीवर आणले. लांब धाग्याचं अमेरिकन बियाणं इथे रुजवायचं, असा त्यामागचा बेत होता. बहुतेक ठिकाणी तो फसला, कारण मिसिसिपीच्या ओलाव्यात वाढणारी पऱ्हाटी इथल्या मोसमी पावसाला आणि नंतरच्या उघडिपीला टिकत नव्हती. धारवाड-हुबळीच्या बाजूला मात्र ते वाण तगलं आणि ‘धारवाड-अमेरिकन’ नावाने बाजारात चाललं. १८४८ मध्ये जॉन ब्राइटच्या अध्यक्षतेखाली ब्रिटिश संसदेची एक समिती हिंदुस्थानी कापसाच्या चौकशीसाठी बसली. १८५७ मध्ये मँचेस्टरमध्ये ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन झाली. तिने स्वतःचं नियतकालिक काढलं, देशोदेशी बियाणं आणि सरकी काढायची यंत्रं वाटली, कौन्सुलांना पत्रं लिहिली.

एक गोष्ट मात्र तिने केली नाही. तिचे सभासद असलेल्या गिरणीमालकांनी दुसऱ्या देशाचा कापूस नियमाने, थोडा महाग पडला तरी, घ्यायचं ठरवलं नाही. खुल्या व्यापाराचा मंत्र जपणारी ही मंडळी. बाजार आपोआप सगळं जुळवून आणतो यावर त्यांची श्रद्धा होती, आणि रस्ते, धक्के, कालवे बांधायचे ते मात्र हिंदुस्थान सरकारने, असा आग्रह होता.

कारवारची हकिकत या वृत्तीचा नमुना आहे. धारवाडकडचा कापूस मुंबईला वळसा न घालता सह्याद्री उतरून थेट समुद्रावर आणावा, म्हणून सदाशिवगड-कारवारच्या नैसर्गिक बंदरावर मँचेस्टरची नजर गेली. १८६० मध्ये ‘मँचेस्टर कॉटन कंपनी’ निघाली. गाठी दाबण्याची यंत्रं आणि कंपनीचा माणूस इकडे रवाना झाले. इथे येऊन पाहतात तो माल उतरवायला धड धक्का नाही आणि घाट ओलांडणारा गाडीरस्ता अपुरा. लंडनमध्ये आरडाओरडा झाला. मद्रास इलाख्याचं सरकार इकडे लक्ष देत नाही म्हणून उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रासकडून काढून मुंबई इलाख्याला जोडण्यात आला. कापसासाठी इलाख्याची हद्द हलली, पण कापूस काही त्या वाटेने फारसा गेला नाही. कंपनी काही वर्षांतच गुंडाळली गेली. आजचा कारवारकर मराठी, कोकणी आणि कन्नडच्या सीमेवरच्या वादांत या जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास उगाळतो, तेव्हा त्यात मँचेस्टरचाही हात होता हे क्वचितच कुणाच्या ध्यानात असतं.

एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत फोर्ट समटर किल्ल्यावर तोफा डागून युद्ध सुरू झालं आणि आठवड्याभरात राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. दक्षिणेच्या पुढाऱ्यांना याची भीती वाटली नाही. उलट त्यांनी स्वतःहूनच कापूस रोखून धरला. दक्षिण कॅरोलायनाचे सेनेटर जेम्स हॅमंड यांनी तीनच वर्षांपूर्वी सेनेटमध्ये बजावलं होतं की कापूस थांबला तर इंग्लंड कोसळेल. म्हणजे एकाच पुरवठादारावर विसंबलेला गिऱ्हाईक जितका निर्धास्त होता, तितकाच एका गिऱ्हाइकावर विसंबलेला पुरवठादार मग्रूर होता. दोघांचेही हिशेब चुकले.

गंमत अशी की सुरुवातीला लँकेशायरला टंचाई जाणवलीच नाही. १८६० चं अमेरिकन पीक भरघोस होतं आणि ते युद्धाआधीच लिव्हरपूलच्या वखारींत येऊन पडलं होतं. शिवाय आदल्या दोन वर्षांत गिरण्यांनी इतकं कापड विणलं होतं की कलकत्ता-मुंबईच्या बाजारात ते पडून होतं. कापूस महागल्याबरोबर या साठ्यांची किंमत वाढली आणि काही बड्या मालकांनी गिरण्या बंद ठेवून, साठा विकून पैसा केला. लहान मालकांच्या आणि मजुरांच्या नशिबी हे नव्हतं. १८६२ च्या अखेरीस कापूसपट्ट्यातले सुमारे पाच लाख लोक धर्मादाय मदतीवर जगत होते.

आता सगळ्यांना हिंदुस्थान आठवला. १८६२ मध्ये ब्रिटनमध्ये जेमतेम ५२ कोटी पौंड कापूस पोचला. त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश हिंदुस्थानातला होता. दुसरा पुरवठादार एका वर्षात पहिला झाला खरा, पण एकूण भांडं निम्म्याहून जास्त रिकामंच राहिलं.

ते का भरेना, याचं उत्तर शेतात आणि रस्त्यावर होतं. कापूस मृगाच्या पावसावर पेरायचा, दिवाळीनंतर वेचायचा. युद्ध सुरू झाल्याची बातमी आगबोटीच्या टपालाने मुंबईत येऊन वऱ्हाडच्या सावकारापर्यंत पोचेस्तोवर १८६१ ची पेरणी उरकत आली होती. त्यानंतर वेचणी, हातचरक्यावर सरकी काढणं, बैलगाडीने घाट उतरणं, मुंबईत गाठी दाबणं आणि शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून चार-पाच महिन्यांचा प्रवास. मँचेस्टरने मागणी केल्यापासून नव्या लागवडीचा माल गिरणीत पोचायला दीड वर्षाहून अधिक काळ लागणार, हे उघड होतं. एकेकाळी वऱ्हाडचा कापूस तांड्यांच्या बैलांवरून गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. १८२५-२६ च्या सुमारास पेस्तनजी मेहेरजी आणि विकाजी मेहेरजी या पारशी बंधूंनी तो मुंबईकडे वळवला. आगगाडी बोरघाट चढली ती १८६३ मध्ये, नागपूरला पोचली १८६७ मध्ये. तोवर युद्ध संपून दोन वर्षं होत आली होती.

आणखी एक अडथळा होता, तो मनातला. युद्ध कधीही थांबेल या धास्तीने कुणी पैसा गुंतवायला धजत नव्हतं. तह झाला की दक्षिणेत अडकून पडलेल्या लाखो गाठी एकदम बाहेर पडणार, भाव आपटणार, आणि ज्याने वऱ्हाडात जिनिंगची यंत्रं लावली तो बुडणार. त्यामुळे कापसाची सर्वांत जास्त निकड असताना व्यापारी सर्वांत जास्त घाबरत होते ते शांततेला.

जो माल पोचला त्याबद्दल तर लँकेशायरच्या तोंडी शिव्याच होत्या. सुरत कापूस आखूड धाग्याचा. चात्यांवर तो सारखा तुटे. जोडणाऱ्या पोरांची बोटं थकत. रुळांमधलं अंतर बदलावं लागे. पीळ जास्त द्यावा लागे, नास जास्त होई, आणि मजुरी उत्पादनावर असल्याने त्याच तासांत हातात पैसे कमी पडत. शिवाय त्यात पानांचा चुरा, सरकी, माती आणि कधी कधी मुद्दाम मारलेलं पाणी. लँकेशायरमध्ये ‘सुरत’ हा शब्द भेसळीच्या मालासाठी इतका रूढ झाला की बिअर गाळणाऱ्या एका पेढीला कुणीतरी ‘सुरत’ म्हटल्यावर प्रकरण अब्रूनुकसानीच्या दाव्यापर्यंत गेलं.

मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला, निरीक्षक नेमले. लबाडी होतीच, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बाजारात स्वच्छ कापसाला आणि ‘कवडी’ला, म्हणजे डागाळलेल्या कापसाला, जवळजवळ एकच भाव मिळे, तिथे शेतकऱ्याने बायकापोरांना पाती वेगळी काढायला का बसवावं? बोंडापासून बंदरापर्यंत सावकार, अडत्या, दलाल, वखारवाला असे चार-पाच हात लागत आणि चांगल्या मालाचा जास्तीचा पैसा मूळ शेतापर्यंत कधी पोचत नसे. हिंगणघाटचा ‘बनी’ कापूस त्या मानाने लांब आणि रेशमी. लिव्हरपूलमध्येही त्याची वाखाणणी होई. पण बनीत आखूड धाग्याची ‘जरी’ मिसळली तरी सौदा होतच होता. दर्जा मागून मिळत नाही, तो दरसाल दाम मोजून घडवावा लागतो, आणि मँचेस्टरने त्यासाठी आधीची वीस वर्षं काही मोजलं नव्हतं.

भाव मात्र चढतच गेले. युद्धाआधी सहा-सात पेन्स पौंडाने मिळणारा मध्यम प्रतीचा अमेरिकन कापूस १८६४ मध्ये सत्तावीस पेन्सच्याही पुढे गेला. सुरतही त्याच्या मागोमाग. मुंबईत पैशाचा जो पूर आला तो आजही शहराच्या नकाशावर दिसतो. नेहमीच्या रास्त भावापेक्षा सत्तर ते पंचाहत्तर दशलक्ष पौंड जास्त त्या वर्षांत मुंबईच्या पदरात पडले, असा त्या काळचा अंदाज होता. कुलाब्याच्या कापूस मैदानावर गाठींचे डोंगर उभे राहिले. जुन्या गाद्या फाडून त्यांतली रुई विकल्याच्या कथाही मागे उरल्या. पैसा कापसातून निघाला आणि समुद्र बुजवण्याच्या कंपन्यांत शिरला. पाच हजार रुपये भरलेला बॅक बे कंपनीचा शेअर त्याच्या कित्येक पटींनी विकला जाऊ लागला. जानेवारी १८६५ मध्ये शहरात ३१ बँका आणि जमिनीचा भराव करणाऱ्या ८ कंपन्या होत्या. या साऱ्याच्या केंद्रस्थानी दलाल प्रेमचंद रायचंद होते. त्यांचा शब्द म्हणजे पत.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीने शरणागती पत्करली. बातमी मुंबईत धडकली आणि कापसाबरोबर शेअरही कोसळले. वायद्यांची पूर्तता १ जुलैला व्हायची होती. त्या दिवशी मुंबईतली निम्मी प्रतिष्ठित घराणी एकमेकांची देणेकरी निघाली. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. प्रेमचंदही बुडाले, पण युद्धाच्या काळात त्यांनी विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये पुरा झाला. हिंदी बँक काढण्यासाठी लंडनला गेलेले तरुण जमशेटजी टाटा याच वेळी तिथे बुडीत हुंड्यांचे जबाब देत होते.

मुंबईच्या या नाट्याला इतिहासकारांनी भरपूर जागा दिली आहे. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला तितकी मिळाली नाही. चढत्या भावात त्याने ज्वारीची जमीन कपाशीखाली आणली, सावकाराने हात सैल सोडला, काही गावांत नवी घरं आणि दागिने आले. भाव पडल्यावर कर्ज तेवढं राहिलं, आणि पुढच्या जमाबंदीत वाढलेला सारा तेजीची वर्षं डोळ्यांपुढे ठेवून बसला. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सुप्यापासून सावकारांविरुद्ध दंगे उसळले. त्यांचं मूळ कापसाच्या तेजीमंदीत किती आणि साऱ्यात किती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्यातली बरीच गावं कापूसपट्ट्यात नव्हतीच. पण १८६० च्या दशकातली सैल पत आणि नंतर आवळलेला फास ही साखळी बहुतेकांना मान्य आहे.

इजिप्तचं चित्र थोडं निराळं. तिथे लांब धाग्याचा उत्तम कापूस १८२० च्या दशकापासून पिकत होता, नाईलचं पाणी होतं आणि लिव्हरपूल जवळ होतं. पाच वर्षांत तिथली निर्यात चौपट-पाचपट झाली आणि युद्धानंतरही मागणी टिकली, कारण तो कापूस अमेरिकन कापसाची नक्कल नव्हता, तलम सुतासाठी त्याहून सरस होता. पण तेजीच्या भरात खेदिव इस्माईलने काढलेली कर्जं देशाला भोवली आणि १८८२ मध्ये ब्रिटिश सैन्य इजिप्तमध्ये उतरलं.

युद्ध संपल्यावर लँकेशायर काय शिकलं? १८६६ मध्ये हिंदुस्थानचा कापूस अजून अमेरिकेच्या पुढे होता. त्यानंतर थोड्याच वर्षांत मिसिसिपीची गाठ स्वस्त झाली आणि गिऱ्हाईक जुन्या दुकानात परतलं. ज्या सोयी संकटात हव्या होत्या त्या संकट सरल्यावर तयार झाल्या. हॅरी रिव्हेट-कार्नाक १८६६ पासून मध्य प्रांत-वऱ्हाडचे कॉटन कमिशनर म्हणून बियाणं, बाजार, रस्ते यांसाठी खपले. मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी खामगावचा रेल्वेफाटा उघडला. बाजारात तारेने लिव्हरपूलचा भाव कळू लागला. सुएझचा कालवा खुला झालेला होताच. सगळं सज्ज झालं आणि मँचेस्टरचं लक्ष उडालं. कॉटन सप्लाय असोसिएशनही १८७० च्या दशकात विझून गेली.

या सोयींचा फायदा दुसऱ्यांनी उचलला. सुएझमार्गे वऱ्हाडचा कापूस युरोपच्या इतर देशांत जाऊ लागला. मुंबईच्या गिरण्या वाढल्या. टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात कापसाच्या उशाशीच एम्प्रेस मिल सुरू केली. सर्वांत हुशारीने मात्र जपानने हा कापूस वापरला. ओसाकाच्या गिरण्यांनी कापसाच्या एकाच जातीशी लग्न लावलं नाही. हिंदुस्थानी, चिनी आणि अमेरिकन कापूस भावाप्रमाणे वेगवेगळ्या प्रमाणात मिसळून त्यातून एकसारखं सूत काढायचं, हे तिथल्या कारागिरांचं मुख्य कसब झालं. एक देश महागला की मिश्रण बदलायचं. १८९३ मध्ये निप्पॉन यूसेन कैशा या जपानी जहाज कंपनीने टाटांच्या साथीने मुंबई-कोबे जहाजमार्ग सुरू केला तेव्हा या वाटेवर मक्तेदारी असलेल्या पी अँड ओ आणि इतर युरोपीय कंपन्यांनी भाडी पाडून तो मारायचा प्रयत्न केला. जपानी गिरण्यांनी आपला कापूस त्याच जहाजांनी आणण्याचा करार पाळला, म्हणून तो तगला. वाहतूकदारही एकच असू नये, हे त्यांना लँकेशायरइतकं महाग न शिकता कळलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जपान हिंदुस्थानी कापसाचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक झाला, आणि वऱ्हाडातला बनी मागे पडून जास्त उतारा देणारी जाडीभरडी वाणं शिवारभर पसरली. जपानला आणि मुंबईला ती चालत होती.

लँकेशायरने १९०२ मध्ये पुन्हा एक संस्था काढली, ब्रिटिश कॉटन ग्रोइंग असोसिएशन, आणि या वेळी आफ्रिकेत शोध सुरू केला. वऱ्हाडकडे लँकेशायर वळलं ते १९३३ मध्ये, तेही कापसाच्या गरजेपोटी नव्हे. हिंदुस्थानने जपानी कापडावर जबर जकात बसवली. त्यावर जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसावर बहिष्कार घातला आणि एका गिऱ्हाइकावर विसंबण्याची किंमत आता इथल्या शेतकऱ्याला दिसली. १९३४ च्या करारात हिंदुस्थान सरकारने कापसाच्या गाठी आणि कापडाचे वार एकमेकांना बांधून टाकले. जपानने वर्षाला पंधरा लाख गाठी घेतल्या तर त्याला चाळीस कोटी वार कापड इथे विकता येणार होतं. मधल्या काळात, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबईच्या गिरणीमालकांतर्फे होमी मोदी आणि लँकेशायरतर्फे सर विल्यम क्लेअर-लीस यांनी समझोता केला होता. आपल्या कापडाला इथे सवलत मिळावी म्हणून लँकेशायरने हिंदुस्थानी कापूस जास्त वापरायचं कबूल केलं. त्यासाठी मँचेस्टरमध्ये एक समिती बसली, आणि आखूड धाग्याचा कापूस आपल्या यंत्रांवर कसा चालवावा याचा विचार सुरू झाला. तोवर लँकेशायरच्या शेकडो गिरण्यांना कायमचं कुलूप लागलं होतं.